साखळी तुटली तेव्हा सातबारा कोणाच्या नावावर होता?

एप्रिल २०२० मधली काही छायाचित्रं आपल्याला आठवत असतील. सातारा जिल्ह्यात गायींपुढे टाकलेली स्ट्रॉबेरी, बांधावर ओतलेले टोमॅटो, खड्ड्यात पुरलेली कोंबडीची पिल्लं, रस्त्यावर सांडलेलं दूध. चित्राखालची ओळ जवळपास सगळीकडे एकच होती: पुरवठा साखळी तुटली, शेतकरी उद्ध्वस्त. ही चित्रं खोटी नव्हती आणि त्यांतलं नुकसानही खोटं नव्हतं. पण ज्याच्याकडे फेकून द्यायला ट्रॉलीभर माल असतो तो एक शेतकरी, आणि दोन पाट्या भाजी घेऊन जिला बसायला बाजारच उरला नाही ती दुसरी. पहिल्याचा फोटो निघाला. दुसरीचा निघाला नाही, कारण दोन पाट्या भाजी कोणी रस्त्यावर ओतत नाही. ती घरात आणि वस्तीत खाल्ली जाते, आणि त्या आठवड्याचं तेल-मीठ, औषध, मुलांची वही तेवढी येत नाही.

त्या काळात वेबिनारांचं पीक मात्र जोरात आलं होतं. ‘लवचिक पुरवठा साखळी’, ‘शेतापासून ताटापर्यंत’ अशा विषयांवर आम्ही विद्यापीठातली मंडळी घरी बसून तासन्‌तास ऐकत होतो. ट्रक, शीतगृह, ॲप, ड्रोन सगळ्यावर चर्चा झाली. साखळीची पहिली कडी म्हणजे जमीन, आणि जमीन कोणाच्या हातात आहे हे या देशात जातीने ठरवलेलं आहे, हा मुद्दा मी ऐकलेल्या एकाही चर्चासत्रात आला नाही. पाच वर्षं उलटून गेल्यावर तो मांडण्याचं कारण असं की ती साखळी सरकारने नंतर जोडली, आणि ज्या पद्धतीने जोडली त्यात काही माणसं कायमची बाहेर राहिली.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली. अंमल चार तासांनी, मध्यरात्रीपासून. रब्बी काढणीचा हंगाम होता. गहू, हरभरा, कांदा, द्राक्ष, उन्हाळी भाजीपाला सगळं एकाच वेळी शेतात किंवा खळ्यावर होतं. २७ मार्चला केंद्रीय गृहमंत्रालयाने पुरवणी आदेश काढून शेतीची कामं, शेतमजूर, खरेदी यंत्रणा आणि बाजार समित्यांच्या मंड्या यांना सूट दिली. म्हणजे तीन दिवसांत सरकारला चूक कळली, हे मान्य करायला हवं. पण त्या सुटीत ‘बाजार’ म्हणजे बाजार समिती. गावोगावचा आठवडी बाजार सूट द्यायच्या यादीत आला नाही, तो गर्दीच्या यादीत गेला. जिल्हा प्रशासनांनी एकामागून एक आठवडी बाजार बंद केले आणि बाजार समित्या सुरू होऊन बराच काळ लोटला तरी अनेक ठिकाणी ते बंदच राहिले. दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, पुन्हा तेच झालं.

हा फरक किरकोळ वाटेल. तो किरकोळ नाही. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारनेच म्हटलं होतं की देशात २२,००० ग्रामीण हाट आहेत आणि ८६ टक्क्यांहून जास्त शेतकरी लहान आणि अत्यल्पभूधारक असल्यामुळे ते बाजार समितीपर्यंत पोहोचू शकत नाहीत, म्हणून हे हाट विकसित करायचे. तेच हाट दोन वर्षांनी कुलूपबंद करताना पर्याय काय, हे कोणी विचारलं नाही. बाजार समितीत जायला किमान एक टेम्पो भरेल एवढा माल लागतो, टेम्पोचं भाडं लागतं, ओळखीचा आडत्या लागतो, आणि टाळेबंदीत तर पासही लागत होता. अर्धा एकर कोणाकडून तरी बटाईने घेऊन मेथी-कोथिंबीर-वांगी लावणाऱ्या बाईचा यातल्या एकाही गोष्टीशी संबंध नाही. ती जुड्या बांधते, वाटे घालते, बाजाराच्या दिवशी पोतं अंथरून बसते आणि संध्याकाळी त्याच पैशांत आठवड्याचा बाजार करून घरी येते. विकणं आणि घेणं एकाच जागी, एकाच दिवशी. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. ती गायसुद्धा याच बाजारात विकली जाते, बहुतेकदा दवाखान्यासाठी किंवा पेरणीसाठी. बाजार बंद झाला तेव्हा भाजी गेलीच, पण अडीनडीला शेळी विकून रोख उभी करायची वाटही गेली. मग शेळ्या गावात येणाऱ्या खाटकाला किंवा व्यापाऱ्याला तो म्हणेल त्या भावाने दिल्या गेल्या.

गडचिरोली-बस्तरच्या पट्ट्यात हेच मोहाचं झालं. मार्च-एप्रिल हा मोहफुलं वेचण्याचा काळ आणि मोह विकला जातो तो हाटातच. १ मे २०२० ला केंद्राने ४९ गौण वनोपजांच्या आधारभूत किमती वाढवल्या, तोवर मोहाचा हंगाम सरत आला होता.

इथे ‘लहान शेतकरी’ या शब्दाकडे जरा थांबून पाहायला हवं. सरकारी मराठीत त्याला अल्पभूधारक म्हणतात. शब्दातच ‘धारक’ आहे. जमीन कसणारा पण धारण न करणारा माणूस या शब्दात मावत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातली ८६ टक्के वहिती खाती दोन हेक्टरपेक्षा लहान आहेत आणि त्यांच्याकडे एकूण क्षेत्राच्या ४७ टक्के क्षेत्र आहे. अनुसूचित जातींचा लोकसंख्येतला वाटा १६.६ टक्के, खात्यांतला वाटा सुमारे १२ टक्के, क्षेत्रातला वाटा ९ टक्क्यांहूनही कमी. सरासरी खातं पाऊण हेक्टरच्या आसपास, म्हणजे दोन एकरही नाही. आणि २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींच्या काम करणाऱ्या लोकांपैकी जवळपास ४६ टक्के शेतमजूर होते, तर शेतकरी म्हणून नोंद झालेले सुमारे १५ टक्के.

दुसरी एक आकडेवारी यापेक्षा जास्त बोलकी आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीनुसार २०१८-१९ मध्ये शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होतं. त्यात पिकांपासून मिळालेले ३,७९८ आणि मजुरी-पगारातून मिळालेले ४,०६३. म्हणजे भारतातला सरासरी शेतकरी टाळेबंदीच्या आधीच शेतकऱ्यापेक्षा मजूर जास्त होता, आणि जमीन जितकी कमी तितकी ही मजुरी मोठी. त्यामुळे लहान शेतकऱ्याची ‘पुरवठा साखळी’ शेतातून शहराकडे जाते तशीच ती शहरातून शेताकडेही येते. पुण्याच्या बांधकामावरून, सुरतच्या मागावरून, भिवंडीच्या गोदामातून येणारा पैसा म्हणजे त्या शेताचं बियाणं आणि खत. टाळेबंदीत हा पैसा आधी थांबला. आणि जी माणसं महामार्गावरून चालत घरी निघाली, त्यांतले कितीतरी जण स्वतःला शेतकरीच म्हणवत होते. माध्यमांनी मात्र त्यांना ‘स्थलांतरित मजूर’ आणि गावातल्यांना ‘शेतकरी’ असं दोन वेगळ्या बातम्यांत विभागून टाकलं.

आता कापसाचं उदाहरण घेऊ, कारण कागद काय करतो हे त्यात स्पष्ट दिसतं.

मराठवाड्यात हजारो दलित, भटके-विमुक्त आणि आदिवासी कुटुंबं गायरान जमिनी कसतात. गायरान म्हणजे गावाची गुरं चारायची सरकारी जमीन. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांनी तिला शामलात किंवा पोरंबोकच्या जवळची समजावी. या जमिनी कोणी दान दिलेल्या नाहीत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लोक तुरुंगात गेले, त्यानंतर माळरान फोडून, दगड वेचून या जमिनी वहितीखाली आल्या. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणं नियमित करायची असं ठरलं. कित्येक प्रकरणं तेव्हापासून तहसीलच्या कपाटात आहेत. जमीन कसणारी तिसरी पिढी आली तरी सातबारा सरकारच्या नावावर, आणि कसणाऱ्याची नोंद ‘अतिक्रमणदार’ अशी.

२०१९-२० च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता. मार्चअखेर खरेदी केंद्रं बंद पडली तेव्हा मराठवाडा-विदर्भात बराच कापूस घरात पडून होता. एप्रिलच्या अखेरीपासून भारतीय कापूस महामंडळ आणि पणन महासंघाची केंद्रं हळूहळू सुरू झाली. अट अशी की बाजार समितीकडे नाव नोंदवायचं, सातबारा आणि त्यावरचा कापसाचा पीकपेरा द्यायचा, मग नंबर लागेल तसा फोन येईल आणि ठरावीक गाड्याच दिवसाला घेतल्या जातील. ही शिस्त ज्याच्याकडे कागद आहे त्याच्यासाठीही त्रासाची होती. लोक जूनपर्यंत थांबले, ग्रेडरने कापूस नाकारला म्हणून परत आले. पण ज्याच्याकडे पीकपेऱ्याचा कागदच नाही तो रांगेत उभाही राहू शकत नव्हता. पत्र्याच्या एका खोलीत पंधरा क्विंटल कापूस, वर मे महिन्याचं ऊन, कापसातल्या किड्यांमुळे मुलांच्या अंगावर पुरळ आणि दारात खरिपाची पेरणी. त्याला एकच वाट होती, खेडा खरेदी. गावात येणारा व्यापारी हमीभावापेक्षा हजाराहून अधिक खाली भाव सांगायचा, वर काट्यात मारायचा तो वेगळा.

तो कापूस पुढे कुठे गेला? त्या हंगामात गावोगावी एक तक्रार ऐकू येत होती, वर्तमानपत्रांतही आली होती: व्यापारी इतर शेतकऱ्यांचे सातबारे जमा करून तोच कापूस हमीभावाने केंद्रावर घालत आहेत. म्हणजे कापूस गायरानातला, घाम गायरान कसणाऱ्याचा, आणि हमीभाव दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर. महामंडळाने त्या वर्षी देशभरात १०० लाखांहून अधिक गाठी खरेदी केल्या. सरकारी नजरेतून पाहिलं तर ही मोठी मदत होती, आणि होतीही. तिचा पैसा कोणत्या खात्यांवर जमा झाला एवढाच प्रश्न आहे.

पुढच्याच महिन्यात सोयाबीन उगवलं नाही. २०२० च्या जूनमध्ये महाराष्ट्रात निकृष्ट बियाण्याच्या तक्रारींचा ढीग पडला, औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पण भरपाई मागायला पक्की पावती लागते. उधारीवर बियाणं उचलणाऱ्या बटाईदाराला कृषी सेवा केंद्रवाला पावती देत नाही, आणि दिली तरी पंचनामा जमीनमालकाच्या नावाने होतो.

रोख मदतीचंही तेच. टाळेबंदी लागताच पीएम-किसानचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलमध्ये आधीच देऊन टाकण्यात आला, आठ कोटींहून जास्त कुटुंबांना. चांगलं केलं. पण ही योजना जमीन नावावर असलेल्यांची आहे. २०१९ च्या सुरुवातीला ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती, त्याच वर्षी जूनमध्ये मर्यादा उठवून मोठ्या जमीनदारालाही आत घेतलं गेलं. वरची दारं उघडली. खालची, म्हणजे कूळ-बटाईदार-गायरानधारकांची, बंदच. मे २०२० मधल्या ‘आत्मनिर्भर’ पॅकेजमध्ये शेतीसाठी एक लाख कोटींचा पायाभूत सुविधा निधी आला, ऑपरेशन ग्रीन्समध्ये सगळ्या फळभाज्यांच्या वाहतुकीवर आणि साठवणुकीवर निम्मं अनुदान आलं, ७ ऑगस्टला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे सुटली. पोतं अंथरून बसणाऱ्या बाईने यांतलं काय वापरायचं?

शासनाला जमत नव्हतं असंही नाही. त्याच उन्हाळ्यात देशात सुमारे ३९० लाख टन गव्हाची सरकारी खरेदी झाली, तोवरचा विक्रम. पंजाबात मंड्यांची संख्या वाढवली गेली, आडत्यांमार्फत शेतकऱ्यांना पास वाटले गेले, तारीखवार ट्रॉल्या बोलावल्या गेल्या. म्हणजे जिथे जमीनधारक जातींची राजकीय ताकद आहे तिथे महामारीतसुद्धा साखळी वेळेवर जोडता येते.

पण पंजाबातच जूनमध्ये जे झालं ते मला या सगळ्या काळातलं सर्वांत बोलकं प्रकरण वाटतं. भातलावणी १० जूनपासून सुरू होणार होती. दरवर्षी बिहार-उत्तर प्रदेशातून येणारे मजूर आले नव्हते. साखळीतली मजुरांची कडी तुटली होती, आणि या एका ठिकाणी ती तुटल्याचा फायदा खालच्या माणसाला होण्याची शक्यता होती. गावातल्या दलित मजुरांनी, त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने, एकरी लावणीचा दर वाढवून मागितला. आदल्या वर्षी अडीच-तीन हजारांच्या आसपास असलेला दर पाच-सहा हजारांवर जाऊ लागला. मागणी-पुरवठ्याचं साधं गणित, जे बाजारवादी अर्थतज्ज्ञ आपल्याला रोज शिकवत असतात. यावर संगरूर, बर्नाला, मानसा, भटिंडा या माळव्यातल्या जिल्ह्यांत अनेक पंचायतींनी ठराव केले: लावणीचा दर इतकाच, जास्त देणाऱ्या शेतकऱ्याला दंड, आणि ऐकलं नाही तर मजुरांवर बहिष्कार. बहिष्कार म्हणजे काय हे त्या गावांत सांगावं लागत नाही. दलितांकडे चाऱ्याला जमीन नाही. म्हशीसाठी गवताचा भारा जाट शेतकऱ्याच्या बांधावरूनच आणावा लागतो, आणि बांधावर पाय ठेवू दिला नाही की दूध बंद.

पंजाबात अनुसूचित जातींची लोकसंख्या ३२ टक्के आहे, देशात सर्वाधिक. त्यांच्याकडची जमीन तीन-साडेतीन टक्के. १९६१ च्या ग्राम शामलात कायद्याखालच्या नियमांनुसार पंचायतीच्या शेतजमिनीचा एक तृतीयांश भाग अनुसूचित जातींना लिलावाने कसायला द्यायचा असतो. कित्येक वर्षं तो जमीनदारच दलित माणूस पुढे करून घेत आले. संगरूर भागात जमीन प्राप्ती संघर्ष समितीने हे मोडायला सुरुवात केली. बालद कलां गावात दलित कुटुंबांनी २०१४ नंतर आपल्या वाट्याची जमीन एकत्र घेऊन सामूहिक शेती केली. त्या जमिनीतून धान्य तर आलंच, पण तिथल्या स्त्रियांना मोठी वाटलेली गोष्ट वेगळी होती: गवतासाठी दुसऱ्याच्या शेतात जावं लागत नाही. जून २०२० च्या त्या ठरावांसमोर मजूर म्हणून ठाम उभं राहायचं असेल तर चाऱ्याचा एक तुकडा किती कामाचा असतो, हे इथे समजतं.

दिल्लीच्या सीमांवरचं आंदोलन याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालं. ५ जूनचे तीन अध्यादेश, सप्टेंबरचे कायदे आणि नोव्हेंबर २०२१ मधली माघार हा इतिहास आपल्याला माहीत आहे. कायदे रद्द झाले ते योग्यच झालं. मंचावर किसान-मजदूर एकतेच्या घोषणा होत्या आणि मजूर संघटना तिथे गेल्याही. पण पंचायतींच्या ठरावांबद्दल त्या मंचावरून जितकं बोललं जायला हवं होतं तितकं बोललं गेलं नाही, हे आपण मित्र म्हणून सांगायला हरकत नसावी.

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. तेव्हाचे अर्थतज्ज्ञ म्हणत होते की तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्यात आहे, एकत्रीकरण करा. बाबासाहेबांचा मुद्दा वेगळा होता: क्षेत्र लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर लागणारं भांडवल, अवजारं आणि श्रम यांच्या प्रमाणावर ठरतं. तीस वर्षांनी ‘राज्य आणि अल्पसंख्याक’मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून गावकऱ्यांनी ती जातिभेदाविना सामूहिकपणे कसावी अशी योजना मांडली. शेतीअर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा निबंध अजूनही क्वचितच असतो, म्हणून साखळीवर बोलताना आपले अभ्यासक ट्रकपासून सुरुवात करतात.

कागदाशिवाय मदत देता येत नाही, हा युक्तिवाद नेहमी होतो. ओडिशाच्या कालिया योजनेत २०१८-१९ मध्येच बटाईदार आणि भूमिहीन कुटुंबांना धरलं होतं. आंध्र प्रदेशात २०१९ च्या पीक कसणाऱ्यांच्या हक्कांच्या कायद्याने कुळांना कार्ड देण्याची सोय केली आणि रयतू भरोसामध्ये अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग व अल्पसंख्याक भूमिहीन कुळांना वर्षाला १३,५०० रुपये ठेवले. तिथेही गोची आहे: कार्डासाठी जमीनमालकाची सही लागते आणि मालक सही द्यायला घाबरतो, त्यामुळे बरीच कुळं बाहेर राहतात. पण कसणाऱ्याला शेतकरी म्हणून मोजायचं ठरवलं तर सुरुवात करता येते, एवढं त्यातून दिसतं.

महाराष्ट्रात उलट दिशेने प्रवास चालू आहे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरान अतिक्रमणं हटवण्याच्या नोटिसा निघाल्या. त्यात बिल्डरचं कुंपण आणि भूमिहीनाचं शेत यांना एकाच शब्दाने ओळखलं गेलं. आणि आता ॲग्रीस्टॅकमधला शेतकरी ओळख क्रमांक आला आहे. एप्रिल २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी तो बंधनकारक झाला. हा क्रमांक आधार आणि जमिनीच्या नोंदी जोडून तयार होतो. पुढच्या वेळी एखादी साथ, पूर किंवा युद्ध यांनी बाजार बंद पडले तर मदत याच क्रमांकावर, एका कळीने, काही तासांत जाईल. २०२० मध्ये गायरानात कापूस पिकवलेल्या कुटुंबाकडे सातबारा नव्हता, म्हणून आज त्याच्याकडे हा क्रमांकही नाही. १९९१ च्या शासननिर्णयाखालचा त्याचा अर्ज अजून तहसीलमध्ये आहे.